लेकुरवाळीला आधी

थड, थड, थड.

वातीच्या स्टोव्हवर वरणाची झाकणी नाचायला लागली, तेव्हा कुठं वर्षाराणीला आठवलं की आपण वरण ठेवलंय. दुपारचे दोन वाजून गेले होते. पिठाची गिरणी बंद करून तिचे सासरे गुंडप्पा ओट्यावर आडवे झाले होते. नवरा केदारनाथ टँकरवाल्याला फोन करायला एसटीडीवर गेला होता. चार वर्षांची कावेरी गोधडीतून एक पाय बाहेर टाकून गाढ झोपली होती. घरात इतकं निवांत होतं, की झाकणीचा तो आवाज कुणी कडी वाजवल्यासारखा वाटला.

वर्षाराणीनं पदरानं झाकणी उतरवली, वात बारीक केली आणि परत येऊन मांडीवर तो लांबलचक कागद पसरला. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी पडलेला. त्यावर तिनंच लिहिलेला प्रोग्राम होता, अकरा पानांचा. पोर झोपते तेवढाच वेळ तिचा स्वतःचा, आणि त्या वेळाचं तिनं हे असं करून ठेवलं होतं.

आज रविवार. उद्या सकाळपर्यंत या अकरा पानांत दडलेली चूक सापडली नाही, तर योगिताचं नाव काळ्या फळ्यावर लागणार होतं.

उमापूरच्या रस्त्यावर गुंडप्पांचं घर सगळ्यांना माहीत. डावीकडं गिरणी, उजवीकडं दूध संकलन केंद्र, मागं बिऱ्हाड. केंद्राच्या दारात एक काळा फळा टांगलेला. ज्याच्या दुधात पाणी निघालं, त्याचं नाव त्यावर खडूनं लिहायचं आणि आठ दिवस पुसायचं नाही, हा केंद्राचे चेअरमन भगवानराव यांचा नियम. तोवर फळ्यावर एकदाच एक नाव लागलं होतं, आणि तो माणूस पुढं कितीतरी दिवस मागच्या गल्लीनं येजा करायचा.

मागच्या वर्षी केदारनाथनं औरंगाबादहून जुना कंप्युटर आणला. बरोबर एक वजनकाटा, आणि दुधातली फॅट मोजायचं एक यंत्र, तेही वापरलेलं. यंत्राची आकडे दाखवायची काच मेलेली होती. विकणारा म्हणाला होता, "आकडा वायरीतून कंप्युटरला जातो की, काच कशाला पाहिजे?" आकडा वायरीतून येत होता हे खरं, पण तो घ्यायचा कसा हे कंप्युटरला माहीत नव्हतं. यंत्र आणि कंप्युटर यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो काही बरोबर आला नव्हता.

केदारनाथ डोक्याला हात लावून बसला, तेव्हा वर्षाराणी कावेरीला भरवता भरवता म्हणाली, "मी लिहू का?"

तिनं औरंगाबादला कंप्युटरचा डिप्लोमा केला होता. लग्नात ट्रंकेच्या तळाशी, शालूच्या खाली, दोन जाड पुस्तकं आली होती. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली लिनक्सची सीडी होती. पाच महिने, पोरगी झोपली की एक पान, पोरगी उठली की अर्धं पान, असं करत तिनं ड्रायव्हर लिहिला. पहिली पावती छापून निघाली, त्या दिवशी गुंडप्पांनी ती पावती आपल्या पूजेच्या कोनाड्यात ठेवली, विभूतीच्या बटव्याशेजारी. अजून तिथंच होती.

आणि आता त्याच कंप्युटरनं योगिताला खोटं पाडलं होतं.

योगिता म्हणजे धनगरवाड्यावरची कडूबाईची सून. नवरा सुग्रीव दिवाळी झाल्याबरोबर मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. घरी सासू, दोन म्हशी आणि तीन महिन्यांचं लेकरू. रोज सकाळी ती म्हशीचं दूध घेऊन यायची. सात, सव्वासात फॅट लागायची. दाट, पिवळसर, बोट बुडवलं तर बोटाला धरणारं दूध. दिवाळीनंतर एक दिवस पावतीवर आलं तीन पूर्णांक चार. आठ दिवसांनी पुन्हा तीन पूर्णांक चार. म्हशीचं दूध एवढं पातळ व्हायला अर्धा कॅन पाणी ओतावं लागतं.

दुसऱ्या वेळी, गुरुवारी, कडूबाई स्वतः केंद्रावर आली. नऊवारीचा काष्टा खोचलेला, हातात काठी.

"आगं ए कंपूटरवाले! माज्या म्हशीला तीन-चार? माजी म्हैस म्हंजे काय शेरडू हाय व्हय?"

रांगेतला रामहरी हसला. "मावशी, सन दोन हजार लागायला दीड महिना हाय. सगळे कंपूटर बिघडणारेत म्हणं. ह्यो जरा घाईनं बिघडला आसंल."

"तू गप बे. तुजी जर्शी गाय पांडरं पाणी देती त्ये आधी बग."

भगवानराव मात्र हसले नाहीत. पहिल्या पावतीनंतर त्यांनी दोन दिवस योगिताचं दूध स्वतः उभं राहून तपासलं होतं. दोन्ही दिवस सात पूर्णांक दोन. ते म्हणाले, "कडूबाई, मी समोर असलो की दूध चोख आन् नसलो की पाणी. आता मी काय समजावं, तुमीच सांगा. सोमवारपर्यंत वाट बघतो. तोवर खरं काय ते कळलं न्हाई तर नाव लावावं लागंल. माझा इलाज न्हाई."

कडूबाई वळून सुनेकडं बघत राहिली. नुसती बघत राहिली, पण त्या बघण्यानं योगिताचा चेहरा राखेसारखा झाला. त्या दिवसापासून सून धार काढायला बसली की सासू गोठ्याच्या दारात येऊन बसायला लागली.

शुक्रवारी योगिता मागच्या दारानं वर्षाराणीकडं आली. लेकरू झोळीत होतं.

"वैनी, आत्याबाई तोंडानं काय बी बोलत न्हाईत. बोलल्या आसत्या तर बरं झालं आसतं. ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठिऊन सांगू का?"

वर्षाराणीनं तिचा उचललेला हात वरच्यावर धरला. "लेकराला मधी नको आणू, योगिता. मला ठाऊक आहे तू काही केलेलं नाहीस."

"तुमाला कसं ठाऊक?"

वर्षाराणीला फक्त एवढं ठाऊक होतं, की बाई खोटं बोलत असेल यापेक्षा प्रोग्राम चुकत असेल हे तिला जास्त खरं वाटतंय. शेवटी तो तिनंच, वरणाकडं एक डोळा ठेवून लिहिला होता.

पण चूक दिसेल तर ना. तिनं दुपारी एकटीनं बसून यंत्र चालवून पाहिलं. एका मागून एक, पन्नास वेळा. सगळं बरोबर. सकाळी केदारनाथच्या मागं उभी राहून पाहिलं. शुक्रवारी सात पूर्णांक एक. शनिवारी सात पूर्णांक तीन. कडूबाईच लेकरू काखेत घेऊन उभी राहायची, योगिता गुमान रांगेत. बघायला गेलं की सगळं नीट. कावेरीसारखंच. ती पाहुण्यांसमोर अशी शहाण्यागत बसते, की तिनं सकाळी आजोबांच्या चष्म्यात दही भरलं होतं हे सांगितलं तर आपणच खोटे पडतो.

रविवारची ती दुपार अशीच गेली. अकरा पानं वाचून झाली, वरण आटून गोळा झालं, कावेरी उठून बसली.

"आई, वास येतोय."

"येऊ दे."

"करपलं का?"

"थोडंसं," वर्षाराणी म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

चार वाजता गुंडप्पांनी गिरणीचा पट्टा चढवला आणि घरभर ती ओळखीची थरथर सुरू झाली. वर्षाराणी चहाचा कप घेऊन गिरणीत गेली. वरच्या डब्यातून रुक्मिणीबाईची ज्वारी खाली उतरत होती, खालच्या कापडी नळ्यातून पांढरंशुभ्र पीठ तिच्या डब्यात पडत होतं. तेवढ्यात माळीगल्लीतली एक पोरसवदा बाई कडेवर रडतं लेकरू आणि डोक्यावर बाजरीचं टोपलं घेऊन आली. पुढं चारपाच डबे रांगेत होते. बायकांनी आपणच डबे बाजूला सरकवले. गुंडप्पांनी हात केला, "आण पोरी, आण."

ही या गिरणीची रीत होती. गुंडप्पांच्या वडलांनी घातलेली. घरी तान्हं लेकरू असलेल्या बाईनं रांगेत उभं राहायचं नाही. लेकुरवाळीला आधी. तीस-पस्तीस वर्षांत त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं, कारण रांगेतली प्रत्येक बाई कधी ना कधी त्या रीतीनं पुढं गेलेली असायची.

गुंडप्पांनी बाजरी वर ओतली. आणि एक क्षण गेला न गेला तोच रुक्मिणीबाई ओरडली, "आप्पा! आवो, माज्या पिटात बाजरी कुनाची?"

पांढऱ्या पिठात करडी धार उतरायला लागली होती. गुंडप्पांनी जीभ चावली आणि झटकन वरची पत्र्याची पट्टी सरकवली. "चुकलो बाई. लेकरू रडाय लागलं आन् मी पट्टी लावायची इसरलो. आधीचं पीठ सगळं खाली उतरल्याबिगर पट्टी काढायची नस्ती."

"आता ह्या भाकरी कोन खाईल?"

"मी खातो. डबा इथं ठिव, तुला दुसरं दळून देतो."

वर्षाराणीच्या हातातला कप तसाच राहिला. चहावर साय धरली तरी ती त्या नळ्याकडं बघत उभी होती. पांढरं, आणि त्यात करडं. एकीचं दळण उतरत असताना दुसरीचं वरून पडलेलं.

"आप्पा," ती म्हणाली, "दुधाच्या लायनीत पण लेकुरवाळीला आधी घेतात ना हो?"

"घेत्यात म्हंजे? का न्हाई घ्यायचं? ही काय इचारायची गोष्ट हाय?"

नाही, विचारायची गोष्ट नव्हती. म्हणून तर तिनं कधी विचारलीच नव्हती. आणि कंप्युटरला तर ती कुणीच सांगितली नव्हती.

कप कोनाड्यात ठेवून ती धावत केंद्रात गेली. मागोमाग कावेरी.

तिच्या प्रोग्रामात सगळी माणसं शहाण्यासारखी एकामागून एक येत होती. नंबर दाबायचा, कॅन काट्यावर, दुधाची बाटली यंत्रात. यंत्र वीसेक सेकंद विचार करतं, मग आकडा धाडतं. ड्रायव्हर आकडा घेतो आणि तेव्हा विचारतो, आत्ता कुणाचा नंबर चालू आहे? ज्याचा असेल त्याच्या नावावर आकडा चिकटवतो. झालं, पुढचा या.

पण योगिताचं लेकरू रडत असलं की केदारनाथ काय करत असेल? रामहरीची बाटली यंत्रात असतानाच तो योगिताचा एक्केचाळीस नंबर दाबत असेल. त्याचं बोट आणि यंत्राचा आकडा, यांची शर्यत. यंत्र आधी पोचलं तर सगळं नीट. बोट आधी पोचलं, तर रामहरीच्या जर्सी गाईचे तीन-चार योगिताच्या नावावर. मागून तिचे खरे सात-दोन आले, तर ड्रायव्हर म्हणणार, हिचा आकडा आलेला आहे, हा दुसरा फेकून द्या. आणि रामहरीची जागा रिकामी राहिली, तर तिथं त्याची नेहमीची सरासरी भरली जाणार. ती सोय वर्षाराणीनंच कौतुकानं करून ठेवली होती, कुणाचा खोळंबा नको म्हणून. त्यामुळं रामहरीला कधी काही कळलंच नाही.

आणि भगवानराव तपासायला उभे असले की योगिताला पुढं घेतच नव्हते. तपासणी म्हणून रांगेत, शिस्तीत. मग कशाला चूक दिसेल?

अंदाज होता सगळा. डोळ्यानं पाहायला हवं होतं. तिनं दोन बाटल्या घेतल्या. एकीत घरचं दूध, दुसरीत तेच दूध, पण तांब्यातलं पाणी ओतून.

"आई, तू पाणी घातलंस!" कावेरी दचकून म्हणाली. या घरात हा शब्द शिवीसारखा होता.

"गप, कुणाला सांगू नको. इकडं ये. हे बटण दिसतंय? हा दुसऱ्या बाटलीचा नंबर. मी बाटली ठेवते. मग मी सांगेन तेव्हा हे दाबायचं."

तिनं पाण्याची बाटली यंत्रात ठेवली. यंत्र गुणगुणायला लागलं. ती स्वतः करायची तेव्हा आकडा येईपर्यंत तिचा हात आपोआप थांबायचा. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्याचा हात प्रोग्रामच्या कलानंच चालतो. पण कावेरीच्या बोटाला असलं काही वळण नव्हतं.

टक.

"अगं, मी सांगितलं का?"

"मला दाबायचं होतं."

यंत्र थांबलं. पडद्यावर आकडा उमटला. पाण्याच्या बाटलीचा आकडा, चांगल्या दुधाच्या नंबरावर.

वर्षाराणीनं कावेरीला उचललं, गर्रकन फिरवलं आणि ओरडली, "चुकलं! चुकलं गं माझी बाय, चुकलं!"

केदारनाथ दारात चप्पल काढत होता. तसाच एका पायावर थांबला. "काय झालं? काय चुकलं?"

"सगळं चुकलं! माझंच चुकलंय!"

"आणि तू नाचतीस कशाला? चुकलं म्हणून कुणी एवढं नाचतं का?"

तिनं त्याला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, कापडी नळ्यातल्या बाजरीपासून. केदारनाथ शहाणा माणूस. त्यानं दोनदा बटण दाबून पाहिलं, दोनदा चूक काढून दाखवली आणि मांडीवर थाप मारली. "मग सोपंय की. उद्यापासून लेकुरवाळी-बिकुरवाळी काही नाही. सगळ्यांनी लायनीत थांबायचं. मिटला प्रश्न."

पलीकडं गिरणीचा पट्टा उतरल्याचा आवाज आला. गुंडप्पा दारात येऊन उभे राहिले. भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. सुनेकडं बघत राहिले.

"अहो," वर्षाराणी म्हणाली, "तान्ह्या लेकराला लायन शिकवता येते का? कंप्युटरला येते. मग शिकायचं कुणी?"

केदारनाथ हसला. "सहाला संध्याकाळचं दूध सुरू होतंय. दीड तास आहे तुला."

"कावेरीला धरा मग."

"मी न्हाई जायची," कावेरी म्हणाली. "मी बटण दाबणार."

दीड तासात वर्षाराणीनं आप्पांची पत्र्याची पट्टी कंप्युटरात बसवली. बाटली आत गेली की यंत्र आकड्याच्या आधी एक खुणेचं अक्षर धाडायचं. ते तिनं इतके दिवस कचरा समजून टाकून दिलं होतं. आता ती खूण आली की ड्रायव्हरनं त्याच क्षणी बाटलीवर नाव लिहून ठेवायचं, मग मागून कुणी कितीही नंबर दाबो. आणि नाव लिहिण्याच्या त्या क्षणात दुसऱ्या कुणाचा हात मध्ये येऊ नये, म्हणून आधी पट्टी लावायची, लिहून झालं की काढायची. म्हटलं तर दोन ओळींचं काम.

पहिल्या वेळी तिनं पट्टी लावली आणि प्रोग्रामच्या एका वाटेनं बाहेर पडताना काढायची विसरली. कंप्युटर ठोकळ्यासारखा बसून राहिला. बटण दाबा, हलवा, काही नाही. केदारनाथच्या कपाळावर घाम आला. "मेला का?"

"मेला नाही. वाट बघतोय."

"कशाची?"

"मी पट्टी काढायची."

बंद करून पुन्हा चालू केला, राहिलेली ओळ घातली. पावणेसहाला कावेरीनं एकामागून एक चाळीस वेळा बटण दाबलं. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोन बटणं एकदम, एकदा तर हनुवटीनं. चाळीसच्या चाळीस वेळा आकडा ज्याचा त्याच्याच नावावर गेला. एवढी आडमुठी तपासणी कुठल्या कंपनीतसुद्धा होत नसेल.

सोमवारी सकाळी केंद्रासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. ज्यांना दूध घालायचं नव्हतं तीसुद्धा. भगवानराव खडू हातात घेऊन फळ्याजवळ उभे. योगिता रांगेच्या शेवटी, कॅनवर दोन्ही हात ठेवून. शेजारी कडूबाई, काखेत लेकरू.

वर्षाराणी दारात आली. "योगिता, पुढं ये."

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "आमी लायनीतच बऱ्या. आमाला कुनाची म्हेरबानी नगं."

"मेहेरबानी नाही मावशी, रीत आहे. कुणाची हरकत आहे का?"

कुणाची नव्हती. पण कडूबाई जागची हलेना. तेवढ्यात लेकरानंच निकाल लावला. त्यानं ओठ काढले आणि असा टाहो फोडला, की ओट्यावरचं मांजर खाली उडी मारून पळालं. केदारनाथ अभावितपणे म्हणाला, "या, या, या लवकर," आणि रामहरीची बाटली यंत्रात गुणगुणत असतानाच त्यानं टक्कन एक्केचाळीस दाबला.

वर्षाराणीनं पदर मुठीत धरला.

यंत्र थांबलं. आकडा आला. मग योगिताची बाटली आत गेली. ते वीस सेकंद सरता सरेनात. मग प्रिंटर करकरला. भगवानरावांनी दोन्ही पावत्या फाडून घेतल्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाचल्या.

"रामहरी, तीन-चार. योगिता सुग्रीव..." त्यांनी पावती जरा लांब धरली. "सात-तीन."

"मंग!" कडूबाई म्हणाली. "आज बी तुमी हुबे हायत. उद्या तुमी नसला की पुन्ना पाणी हुईल, न्हवं का?"

"नाही होणार," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "योगितानं पाणी कधी घातलंच नव्हतं. लेकरू रडायचं, हे घाईनं नंबर दाबायचे, आणि रामहरीदादांच्या दुधाचा आकडा हिच्या नावावर जायचा. प्रोग्राम मी लिहिलाय. लेकुरवाळी आधी येते, हे त्यात घालायचं मी विसरले. मी स्वतः लेकुरवाळी असून विसरले. काल दुरुस्त केलंय."

मग तिनं पुढं होऊन भगवानरावांच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं.

"काय लिवलंय?" कडूबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

योगिता चौथी शिकलेली. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. "दुधात... पाणी... वर्षाराणी केदारनाथ."

पहिल्यांदा रामहरी हसला. मग केदारनाथ, मग सगळी रांग. भगवानरावसुद्धा मिशीत हसले आणि म्हणाले, "नियम तर नियम. आठ दिवस पुसायचं न्हाई."

"कावून पुसायचं न्हाई?" कडूबाई काठी टेकत फळ्यापाशी गेली. "सुनांची नावं आशी चव्हाट्यावर लिवत्यात व्हय? मंग ती माजी आसो, न्हाई तर गुंडप्पाची." आणि तिनं पदराचा शेव घेऊन फळा असा खसाखसा पुसला, की जुन्या नावाचा उरलेला पांढुरका डागसुद्धा निघून गेला.

परत येऊन तिनं योगिताच्या हातातला रिकामा कॅन ओढून घेतला. "दे इकडं. तू लेकराला घे. भुकेजलंय त्ये." चार पावलं गेल्यावर, मागं न बघता, म्हणाली, "उद्यापून मी न्हाई येत गोठ्यात. माजं काय काम हाय तितं?"

योगितानं लेकराच्या टाळूवर तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे वर्षाराणीला कळलं नाही. बहुतेक दोन्ही एकदमच चाललं होतं.

दहाच्या सुमाराला मागचं दार वाजलं. योगिता उभी होती, हातात फडक्यानं बांधलेलं पातेलं. "आत्याबाईंनी धाडलंय. दुसरी म्हैस रातीच व्याली. पयल्या चिकाचा खरवस हाय. म्हनल्या, कंपूटरवालीला दे आन् सांग, गुळाचा हाय, साकरंचा न्हाई."

खरवस अजून कोमट होता. वेलदोड्याचा वास घरभर पसरला. गुंडप्पांनी हात धुवायचीही वाट पाहिली नाही. केदारनाथनं दोन वड्या घेतल्या आणि तिसरीकडं बघत राहिला. योगिता उंबऱ्यात बसून लेकराला पाजत होती. वर्षाराणी तिच्याशेजारी टेकली. कितीतरी दिवसांनी तिच्या मांडीवर कागद नव्हता. तिथं आता कावेरी होती, हनुवटीपासून कोपरापर्यंत चिकट झालेली.

कावेरीनं शेवटची वडी संपवली, बोटं चाटली, पातेल्यात वाकून पाहिलं. रिकामं होतं. ती बराच वेळ कसलातरी विचार करत राहिली. मग तिनं मान वर करून आईकडं मोठ्या आशेनं पाहिलं.

"आई, तुझ्या त्या कागदात अजून एखादी चूक राहिलीय का गं?"